उठायच्या आधी

मी एका मुलीच्या मनगटावर पडलो, तिचं मनगट मोडलं, आणि उठून मी सांगितलं की ती एक मात्रा उशिरा आली. ती उशिरा आली नव्हती. मी लवकर वळलो होतो. ही एवढीशी गोष्ट मी चोवीस वर्षं दाबून ठेवली. तिच्याबद्दल लिहायचं मनात आलं तेव्हा आधी तिच्या चालण्याबद्दल लिहावं, मग तिच्या बोलण्याबद्दल, आणि ही गोष्ट पुढे कुठेतरी सोयीने घालावी, असं मी ठरवत होतो. मग स्वतःचाच राग आला. सोयीने घालणं हाच तर माझा धंदा राहिला आहे.

सुरतेच्या पांडेसऱ्यात, तिच्या गल्लीत, तिला सगळे 'चाकवाली' म्हणत. तिला साधं चालता येत नसे. पायात दोष काही नव्हता. पण नऊ वर्षांची असल्यापासून चाकांच्या बुटांवर राहिल्याने जमिनीवरही ती गुडघे किंचित वाकवून, अंग पुढे टाकून, पाऊल न उचलता सरकवत चाले. भाजीबाजारात, बसच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. चपला महिन्याभरात पुढून झिजत. तिचे वडील धुळ्याकडून आलेले, रंगाच्या मिलमध्ये कामाला. आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची आणि मान वर न करता अहिराणीत ओरडायची, "नीट चाल, घसरत काय चालस!" ती तेवढ्यापुरतं पाऊल उचलायची. दाराबाहेर पडली की पुन्हा तेच.

आमचा खेळ म्हणजे चाकांवरचं जोडीनृत्य. परदेशात बर्फावर करतात तेच. सुरतेत बर्फ फक्त गोळेवाल्याकडे, म्हणून आम्ही ते सिमेंटच्या रिंकवर, चार चाकांच्या स्केटवर करायचो. एक मुलगा, एक मुलगी, ठरलेली धून, ठरलेली पावलं. कोणत्या मात्रेला कोणत्या पायाच्या कोणत्या कडेवर असायचं ते आधीच ठरलेलं. दोघांमधलं अंतर वाढलं की गुण कापले. एकट्याला यात काही करता येत नाही. कितीही चांगला असो, जोडीदार नाही तर अर्जसुद्धा भरता येत नाही.

आणि या खेळात मुली पुष्कळ, मुलगे थोडे. आपला मुलगा नाचकाम करतो हे कोणत्या बापाला आवडणार? तेव्हा जो मुलगा उभा राहील त्याला मान. त्याला निम्मं येत असलं तरी चार मुली त्याची वाट बघणार, आणि तो निवड करणार. मी तसा निम्मं येणारा मुलगा होतो. आमचं घर अडाजणला, वडील बँकेत, मी कॉलेजात. वर्षभर स्केटिंग केलेलं. तिची दहा वर्षं झालेली होती. तरी रिंकवर शिकवणाऱ्या सरांनी विचारलं ते मला: "हिच्याबरोबर चालेल का तुला?" तिला कोणी काही विचारलं नाही. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. तो मोठेपणा आठवला की आजही दात आवळले जातात.

ती जोडीदारांना नावाने हाक मारत नसे, त्यांच्या भागाच्या नावाने मारी. पहिला होता तो 'पर्वत पाटिया', कपड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तीन वर्षं तिच्याबरोबर खेळला, आणि ज्या आठवड्यात दोघांचं राज्यात नाव झालं त्याच आठवड्यात बापाने त्याला दुकानात बसवलं. मी 'अडाजण'. "ए अडाजण, गुडघा वाकव. बँकेत उभा नाहीयेस." मी उलट तिला 'पांडेसरा' म्हणायचो. मी एकदा विचारलं होतं, नावाने का नाही हाक मारत? ती बुटाची नाडी आवळत म्हणाली, "नाव लक्षात राहिलं की माणूस गेल्यावर त्रास होतो. अडाजण काय, बस पकडून कधीही बघून येता येतं."

नाड्यांचंही एक होतं. नवी जोडी ठरली की तिचे वडील पांढऱ्या नाड्यांचे दोन जोड मिलमध्ये नेत आणि त्या आठवड्यात जो रंग चालू असेल त्यात बुडवून आणत. एक जोड तिला, एक जोडीदाराला. आमच्या वेळी वांगी रंगाचा लॉट चालू होता. जिल्ह्याच्या स्पर्धेला ते मिलमधून तसेच आले, कोपरापर्यंत हात वांगी. सगळे पालक खुर्च्यांवर, ते मागे भिंतीला टेकून. संपल्यावर माझ्याजवळ आले. मी एकोणीस वर्षांचा, ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला 'भाऊ' म्हणाले. "भाऊ, पोरना हात सोडू नका." मुलीचा हात सोडू नका. मी म्हटलं, नाही सोडणार काका. किती पटकन म्हटलं.

आता तिचा नियम सांगतो. पर्वत पाटियाबरोबर खेळताना दोघं पडली की चूक कोणाची यावर अर्धा सराव भांडणात जाई. तेव्हा तिने ठरवलं: पडल्यावर ज्याची चूक असेल त्याने उठायच्या आधी सांगायचं. जमिनीवर असतानाच. एकच शब्द, 'मनी'. मनी म्हणजे त्यांच्या अहिराणीत माझी. रागात तिला घरचीच भाषा सुचायची, म्हणून शब्दही घरचाच राहिला. "उठल्यावर माणूस वकील होतो," ती म्हणायची. "खाली असतो तोवरच खरं बोलतो." बघता बघता सगळ्या रिंकने तो नियम उचलला. गुजराती मुलं, बिहारी मुलं, आमच्यासारखी घरात पुणेरी बोलणारी मुलं, सगळी आपटली की जमिनीवरून ओरडत, "मनी!" आणि उठून पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू.

नियमाचा दुसरा भाग जास्त कडक होता. दुसऱ्याची चूक आपण सांगायची नाही. दिसली असली तरी, आपल्याला लागलं असलं तरी. तो शब्द ज्याचा त्यानेच उच्चारायचा. आणि उगाच स्वतःवरही घ्यायची नाही. एकदा तीच चुकली होती, आणि मी मुलीशी सभ्यपणे वागायचं म्हणून जमिनीवरून 'मनी' म्हटलं. ती इतकी चिडली की बसल्या जागी तिने माझ्या पोटरीवर चापट मारली. "दान देतोस? चूक माझी आहे, माझ्याकडेच राहू दे." त्या दिवशी तो तुकडा तिने माझ्याकडून नऊ वेळा करून घेतला. हे सगळं मला ठाऊक होतं, हे आधी सांगून ठेवतो. पुढे मी जे केलं ते नियम माहीत नसल्यामुळे केलं नाही.

तिच्या गल्लीत आणि माझ्या कॉलनीत दोन्हीकडे लोक बोलत. पहिला गेला, आता हा दुसरा. "किती झाले गं?" असं नळावर बायका विचारत आणि हसत. जोडीदार हा शब्दच असा. माझ्या आईने एकदा ताट वाढता वाढता विचारलं, "ती पांडेसऱ्याची ना? रोज हात धरूनच करावं लागतं का ते?" मी खाली बघून जेवत राहिलो. ज्या हाताने मी तिच्या कमरेचा तोल सांभाळत होतो त्याच हाताने भात कालवत होतो. 'आई, ती माझ्यापेक्षा दसपट चांगली खेळते', एवढं वाक्य तेव्हा बोललो असतो तर पुढचं कदाचित घडलंच नसतं. पण मी तेव्हाही सोय बघितली.

राज्याच्या संघाची निवड अहमदाबादला होती. दुसऱ्या धुनीत एक जागा अशी की दोघांनी डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर चार मात्रा थांबायचं आणि मग एकदम उलटं वळायचं. चार मात्रा म्हणजे काही नाही, पण वेगात त्या संपता संपत नाहीत. आम्ही निवडकर्त्यांच्या टेबलासमोरून जात होतो. मी टेबलाकडे बघितलं. त्यातला एक मान हलवत होता, खूश होऊन. मला वाटलं, झालं आपलं. आणि तिसऱ्या मात्रेला मी वळलो. माझं चाक तिच्या बुटावर बसलं, ती पुढे गेली, मी तिच्यावर. खाली तिचा उजवा हात होता. आवाज मला ऐकू आला. तो मी इथे लिहिणार नाही.

धून चालूच होती. मी तिच्या शेजारी पडलो होतो, एक हाताचं अंतर. तिचा चेहरा पांढरा पडलेला, पण ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती. त्या एका शब्दाची. मनगट मोडलेलं असताना ती उठायला तयार नव्हती, कारण तो शब्द अजून उच्चारला गेला नव्हता. मी तोंड उघडलं. टेबलाकडे पुन्हा बघितलं. आणि उठलो.

कठड्याजवळ सरांनी विचारलं, "कोणाची?" निवडकर्त्यांपैकी एक शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "ती उशिरा आली, सर." मागून दोन मुली तिला धरून आणत होत्या. तिने ऐकलं. ती काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा मला पुढे किती राग आला हे सांगितलं तर लोक मला वेडा म्हणतील. बोलायला काय झालं होतं तिला? सगळ्यांसमोर खोटारडा म्हणाली असती तर मी तिथेच मोकळा झालो असतो. पण नियम तिचा होता, आणि तो तिने मोडलेल्या मनगटासह पाळला.

निवडकर्त्यांना मुलगे कमी पडत होते. दुसऱ्या एका चांगल्या मुलीचा जोडीदार वयात बसत नव्हता. त्यांनी पडलेल्या जोडीतला मुलगा उचलला आणि तिच्याशी जोडला. चूक मुलीची होती, मुलगा ठीक आहे, असं सरांनीच त्यांना सांगितलं. सरांना मी सांगितलं होतं. त्या मुलीबरोबर मी राष्ट्रीय स्पर्धेत गेलो. आम्ही अकरावे आलो. अकरावे. पण सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि त्या कागदावर खेळाडूंच्या कोट्यातून मला सरकारी नोकरी लागली. त्या नोकरीवर घर झालं, लग्न झालं, मुलीचं शिक्षण झालं. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या घरात जे येतं ते तिच्या मनगटावरून येतं. सुरतेला परतल्यावर मी दुसऱ्याच दिवशी बुटाला पांढऱ्या नाड्या घातल्या. वांगी नाड्यांनी आईने मच्छरदाणी बांधली. "सुटलास एकदाचा," ती म्हणाली होती.

इथपर्यंत भीतीने केलं असं म्हणता येईल. पुढचं भीतीने केलेलं नाही. तिचं प्लास्टर निघालं, आणि सहा महिन्यांत तिने तिसरा जोडीदार शोधला, बडोद्याचा. दर रविवारी पहाटेच्या गाडीने ती बडोद्याला जायची आणि संध्याकाळी परत. जोडी ठरण्याआधी त्या मुलाने मला गाठलं. कशी आहे खेळायला, त्याने विचारलं. तो मला तिचा जुना जोडीदार म्हणून विचारत होता, विश्वासाने. मी म्हटलं, "मेहनती आहे. पण सांभाळून. मात्रा सुटते तिची." कोणी जबरदस्ती केली नव्हती. समोर निवडकर्ता नव्हता. पहिलं खोटं टिकवायला दुसरं लागतं, म्हणून घातलं. बडोदा तिच्याबरोबर वर्षभर खेळला. पडला की 'मनी' म्हणायच्या ऐवजी तिच्याकडे बघायचा. पुढे तिचा जोडीदार झालेल्या चलथाणने हे मला सांगितलं, त्याने स्वतः बघितलं होतं. शेवटी बडोद्याने सोडलं. तोवर तीन गेले होते आणि सगळ्या राज्याला ठाऊक झालं होतं की चाकवालीचे जोडीदार टिकत नाहीत, कारण तिची मात्रा सुटते.

चलथाण हा चौथा. साखर कारखान्यातल्या माणसाचा मुलगा. गाळपाच्या दिवसांत त्याच्या सदऱ्याला मळीचा वास यायचा, आणि ती त्याला लांबूनच सांगायची, "चलथाण, आधी वारा घे, मग होल्ड घे." होल्ड म्हणजे जोडीदाराला धरायची पकड. हा एकटा खरा खेळाडू आणि खरा माणूस. त्याच्याबरोबर ती राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. ज्या नोकऱ्यांना ते प्रमाणपत्र चाललं असतं त्यांची वयाची अट संपून गेली होती. पुढच्या वर्षी चलथाणचं लग्न ठरलं. सासरच्यांनी सांगितलं, परक्या बाईचा हात धरून फिरणं बंद. त्याने बंद केलं. जाताना त्याच्या बायकोसाठी तिने साडी दिली, आईने खडे चिकटवलेली. मला त्या सासरच्यांचा राग येतो, चलथाणचाही येतो, आणि मग आठवतं की तो सांगून गेला. मी न सांगता गेलो होतो.

चलथाणने तिला एकदा अहमदाबादच्या त्या पडण्याबद्दल विचारलं होतं. फार मागे लागला तेव्हा म्हणाली, "तो शब्द माझा नाहीये." हेही मला त्यानेच सांगितलं, माझ्या ऑफिसात चहा पिता पिता, माझ्या तोंडाकडे बघत. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते आत पडलं.

गेली दहा-बारा वर्षं ती आमच्या जुन्या रिंकवरच शिकवते. पन्नासेक मुलं असतील. सगळी तिला 'बेन' म्हणतात. मुलं पडली की तो शब्द अजून ऐकू येतो. रिंक चालवायला पालकांची आणि जुन्या खेळाडूंची समिती आहे, आणि राष्ट्रीय खेळाडू म्हणून, हसू नका, मी त्या समितीत आहे. या वर्षी तिने तयार केलेली एक जोडी राज्याच्या निवडीला जाणार होती. बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा जोडीदार. पाच वर्षं तिने त्यांना घडवलेलं. समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले की जोडी आता बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकाकडे द्यावी. बेन लहान मुलांसाठी उत्तम, पण जोडीचं काम त्यांचं नाही. स्वतःचे चार जोडीदार टिकले नाहीत. आणि निवडीच्या वेळी तर एका मुलाचं नुकसानच करायला निघाल्या होत्या. मग ते माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "भाई, तमे तो हता ने?" तुम्ही तर होतात ना तिथे.

सात माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या." म्हणजे तिसऱ्यांदा. ठराव पास झाला. रविवारी सरावानंतर पालकांना सांगायचं ठरलं.

बैठकीहून बाहेर आलो तर रिंकवर संध्याकाळचा सराव चालू होता. ती दोन मुलं धुनीवर फिरत होती आणि मी कठड्याला धरून बघत राहिलो. दोघांचाही उजवा तळहात किंचित तिरका. मनगटातून न वळता कोपरातून वळलेला. मला वाटलं, चुकतंय. मग शेजारच्या लहान मुलांकडे बघितलं. सगळ्यांचे हात तसेच. मध्ये ती उभी होती, हात पुढे करून होल्ड दाखवत, आणि तिचा उजवा हात मनगटात वळत नव्हता. ते मनगट नीट जुळलंच नव्हतं. ती कोपरातून वळवायची, आणि पोरांना वाटलं असंच असतं. नंतर कळलं, पंच त्याला 'सुरतेची ढब' म्हणतात आणि कौतुक करतात. माझं खोटं पन्नास लहान हातांवर उमटलं होतं आणि लोक त्याला ढब म्हणत होते.

त्याच संध्याकाळी मी तिला गाठलं. ती बुटांची पेटी बंद करत होती. मी सगळं बोललो. भरभर, घाम पुसत, जे चोवीस वर्षं पाठ करत होतो ते. तिने पेटीला कुलूप लावलं.

"हे मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. मी तिथेच होते."

मी म्हटलं, मला माफी मागायची आहे.

"माझ्याजवळ मागून काय करशील? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. सरांना सांग. तुमच्या अध्यक्षांना सांग. त्या पोरांच्या आईबापांना सांग." मग पहिल्यांदा तिच्या आवाजात धार आली. "चोवीस वर्षं मी खाली पडलेय, अडाजण. तू घरी जाऊन जेवतोस, आणि मी अजून खालीच आहे. कारण तू बोलला नाहीस. तू बोलल्याशिवाय मला उठता येत नाही. माझाच नियम, दुसऱ्या कोणावर चिडू?"

आणि सरकत, गुडघे वाकवून, ती पांडेसऱ्याच्या बसकडे निघून गेली.

पुढे समितीने काय केलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये येणार नाही. ठराव मागे घेतला. जोडी तिच्याकडेच राहिली. मला समितीतून जायला सांगितलं. दोन्ही योग्य झालं, आणि दुसरं फार उशिरा झालं.

रविवारी सकाळी रिंक भरलेला होता. पालक पायऱ्यांवर. अध्यक्ष नव्या प्रशिक्षकाला घेऊन आलेले. सर आता थकले आहेत, पण रविवारी कोणीतरी त्यांना आणून कठड्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतं. मी ठरवून गेलो होतो की मधोमध उभं राहून सांगायचं, स्वच्छ, मुद्देसूद. फाटकापाशी तिने हात आडवा केला.

"चाकांशिवाय आत नाही."

मी म्हटलं, मला त्यांना सांगायचं आहे, दोनच मिनिटं.

"सांग की. पण बाहेरचे बूट घालून कोणी आत जात नाही. माती येते. पोरं पडतात." तिने पेटीतून नऊ नंबरचे स्केट काढून माझ्यासमोर ठेवले. कोणाचे तरी भाड्याचे, नाड्या मळलेल्या. माझं वय त्रेचाळीस, वजन विचारू नका. वीस वर्षांत मी चाकं पायात घातली नव्हती. मी पायरीवर बसून ते घातले. दोन लहान मुली हसत बघत होत्या.

कठडा धरून निघालो, मग कठडा सोडला. चार पावलं बरी गेली. पाचव्याला शरीराला काहीतरी जुनं आठवलं आणि ते आपोआप वळायला गेलं, आणि मी असा आपटलो की रिंकभर आवाज झाला. धून बंद झाली. पायऱ्यांवर कोणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले. अध्यक्षही हसले. दोन मोठी मुलं मला उचलायला धावत आली. एकाने माझी काख धरलीसुद्धा. मी उठणारच होतो. अंगाला एवढी सवय झालेली असते उठायची. अर्धा उठलो, एक गुडघा टेकलेला, हात त्या मुलाच्या खांद्यावर, आणि समोर कठड्याशी ती उभी दिसली. तिचा उजवा हात तिरका, कठड्यावर टेकलेला. ती हसत नव्हती. बघत होती. वाट बघत होती, अगदी तशीच.

मी त्या मुलाला म्हटलं, राहू दे बेटा. आणि पुन्हा खाली बसलो.

हसणं थांबलं. मी मोठ्याने बोललो, कारण सरांना आता कमी ऐकू येतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही अहमदाबादला मला विचारलं होतं, कोणाची? मी खोटं सांगितलं. ती उशिरा आली नव्हती. चार मात्रा होत्या, मी तिसऱ्याला वळलो, टेबलाकडे बघत होतो म्हणून. तिचं मनगट माझ्यामुळे मोडलं. बडोद्याच्या मुलालाही मी खोटं सांगितलं. आणि परवा बैठकीत गप्प बसलो, तेही खोटंच होतं." अध्यक्षांना नीट कळावं म्हणून तेच मी गुजरातीत पुन्हा सांगितलं. सरांनी डोळे मिटले. पोरं एकमेकांकडे बघत होती. आपटलेला एवढा मोठा माणूस उठत का नाही, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

मग मी तिच्याकडे बघितलं. खाली बसूनच, सिमेंटवर दोन्ही तळहात टेकून.

"पांडेसरा," मी म्हटलं, "मनी व्हती. माफ कर."